कतायेफची मुरड आणि एक वेलांटी

संपादकांनी लेख मागितला होता तो छापखान्यातल्या आठवणींवर. पुण्यात एका छापखान्यात मी तेहतीस वर्षं मुद्रितशोधक होतो. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेलं छापून येण्याआधी वाचायचं आणि त्यातल्या चुका लाल शाईनं दाखवायच्या. त्यावर लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते दुसरं कुणीही लिहील. मी लिहितो आहे माझ्या दुसऱ्या नोकरीबद्दल. ती जेमतेम पाच वर्षांची, अमेरिकेतली. तिच्यात मी एक चूक स्वतः केली, स्वतः वाचली आणि स्वतःच पास केली. आता चौऱ्याऐंशी वय झालं. शुद्धिपत्र काढायचं तर ते आत्ताच काढायला हवं.

नोकरी होती चव घेण्याची.

निवृत्त झाल्यावर मी आणि कुमुद न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला मुलाकडे कायमचे राहायला आलो. मुलगा-सून ऑफिसला गेली की घरात मी, कुमुद आणि डिशवॉशर. तिघांत बोलकं तेच. मग मी रोज बसनं जवळच्या एका प्लाझात जाऊन बसू लागलो. तिथे एक लाँड्री होती, एक टॅक्स भरून देणारा होता आणि कोपऱ्यावर एका इजिप्शियन गृहस्थांचं मिठाईचं आणि खाण्याचं दुकान होतं. मालकांचं नाव सबरी. हजला जाऊन आलेले, म्हणून सगळे त्यांना आदरानं 'हाग सबरी' म्हणत. आपल्याकडच्या 'ज'चा त्यांच्याकडे 'ग' होतो, त्याला माझा इलाज नाही. सगळ्यात आदराची हाक म्हणून मराठी माणसानं हा शब्द दिवसातून चाळीसदा उच्चारायचा म्हणजे काय, ते सुज्ञ वाचकांनी समजून घ्यावं. कुमुद पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा माझी हाक ऐकून तिनं माझ्या दंडाला चिमटा काढला होता. "अहो, भर दुकानात काय हे!"

मी खजूर घ्यायला गेलो होतो. हाग सबरींनी खजूर बांधता बांधता विचारलं, "तुम्ही उपवास करता का?"

"एकादशीलासुद्धा नाही."

"उद्यापासून या," ते म्हणाले.

त्याचं असं. रमजानात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. आणि अशा दुकानाचा खरा धंदा होतो तो सूर्यास्ताआधीच्या दोन तासांत, कारण घरी जाऊन उपवास सोडायला प्रत्येकाला काहीतरी गरम, काहीतरी गोड न्यायचं असतं. सगळं रांधायचं कुणी? उपाशी माणसांनी. मीठ किती, साखर किती, हे कळायचं कसं? जिभेवर ठेवून थुंकायला त्यांच्यात मुभा आहे म्हणतात, पण हाग सबरी ती जोखीम घेत नसत. आदल्या वर्षी मसुराच्या सूपमध्ये दोघांनी वेगवेगळं मीठ घातलं होतं आणि अर्ध्या गावानं त्या सूपनं उपवास सोडून वर रात्रभर पाणी प्यायलं होतं. तेव्हा त्यांना स्वयंपाकघरात एक जेवलेला माणूस हवा होता. तेहतीस वर्षं चुका शोधल्यावर मीठ शोधणं काय अवघड!

पदार्थांची ओळख करून द्यायला हवी. उपवास सुटतो खजूर आणि दुधावर. मग खोशाफ: खजूर, अंजीर, जर्दाळू, मनुका रात्रभर पाण्यात भिजवलेल्या. मग 'कमरुद्दीन' नावाचं सरबत. त्यासाठी जर्दाळूच्या वाळवलेल्या पोळ्या मिळतात, थेट आपल्या आंबापोळीच्या बहिणी. चिंचेच्या सरबताला ते 'तम्र हिंदी' म्हणतात, म्हणजे हिंदुस्थानी खजूर. मी हिंदुस्थानी, म्हणून त्याची जबाबदारी आपोआप माझ्याकडे आली. पहिल्या दिवशी मी त्यात काळं मीठ आणि जिरेपूड घातली. हाग सबरींनी संध्याकाळी एक घोट घेतला आणि विचारलं, "अम्म मुकुंद, हे कोणत्या आजारावर?" 'अम्म' म्हणजे काका. मोठ्यांना काका म्हणण्याची रीत त्यांच्यातही आहे, नि काकांना टोमणा मारण्याचीही.

मग 'फूल'. हे पावट्याच्या थोरल्या भावासारखे दाणे, तासन् तास मंद आचेवर शिजवून तेल-लिंबू-जिरं घालून ठेचतात. पहिल्या दिवशी घरी गेलो तर कुमुदनं विचारलं, "काय खाल्लंत आज?"

"फूल."

"आणि पाकळी?"

मुलुखियाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ही भेंडीच्या स्वभावाची चिकट पालेभाजी. तिच्यावर तुपात लसूण-धण्याची फोडणी ओततात आणि ओतताना स्वयंपाक करणाऱ्यानं मोठ्यानं श्वास आत ओढून दचकायचं, नाहीतर भाजीला चव येत नाही असा समज आहे. मला कुणी सांगितलं नव्हतं. हाग सबरींनी फोडणी ओतली आणि ते असे दचकले की मला वाटलं, गेले! मी पाण्याचा पेला घेऊन धावलो आणि त्यांच्या तोंडाला लावला. सूर्यास्ताला वीस मिनिटं बाकी होती. त्यांनी ओठ घट्ट मिटले म्हणून उपवास वाचला, शर्ट मात्र भिजला.

चवीच्या कामातून वेळ उरे, तेव्हा मला कतायेफ मिटायला बसवत. माझ्या गुन्ह्याची जागा हीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मैद्याचं यीस्ट घातलेलं सरसरीत पीठ तव्यावर तळहाताएवढं ओतायचं. आंबोळीसारखी जाळी पडते. उलटायचं नाही. खालून भाजलेलं, वरून ओलसर. मग त्या ओल्या बाजूवर खोबरं, मनुका, अक्रोड आणि साखरेचं सारण ठेवून अर्धचंद्रासारखं दुमडायचं आणि कडा चिमटीनं दाबायची. ओल्याला ओलं चिकटतं. तळायचं आणि पाकात सोडायचं. वाचकांपैकी ज्यांनी एकदा तरी दिवाळीत काम केलं आहे, त्यांच्या ध्यानात आलंच असेल. ही करंजी आहे. फक्त तिचा पासपोर्ट वेगळा.

अडचण एकच होती. कड जरा सुकली की चिमटी धरत नसे. तेलात कतायेफ फुटे, सारण बाहेर येई, तेल काळं होई आणि हाग सबरी देवाचं नाव घेत.

२००३ साली दिवाळी संपते न संपते तोच रमजान सुरू झाला. त्या दिवाळीत आमच्या घरी एक नवीन गोष्ट घडली होती. कुमुदच्या बोटांना संधिवातानं गाठलं होतं. तिची मुरडीची करंजी अख्ख्या आळीत प्रसिद्ध. कातण तिनं कधी हातात धरलं नाही. करंजीची कड तीन बोटांत धरून, जरा दुमडून, जरा ओढून, दोरखंडासारखी वळत जाणारी मुरड ती घाली. त्या वर्षी तिला अंगठा मिटवेना. मग तिनं मला समोर बसवलं. "छापखान्यात नुसती दुसऱ्यांच्या चुका काढत बसलात. आता बसा, मी तुमच्या काढते." चार दिवस मी मुरड घातली आणि ती माझ्या बोटांवर चापट्या मारत राहिली. शेवटच्या ताटाला चापट बसली नाही. तीच पदवी.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी मी दुकानात कतायेफ मिटायला बसलो आणि बोटं आपली आपण मुरड घालू लागली. ध्यानात आलं तोवर ताट भरलं होतं. तळलं. एकही फुटला नाही.

काउंटरवर एक वयस्कर इजिप्शियन डॉक्टर उभे होते. त्यांनी एक कतायेफ उचलून उजेडात धरला. "हाग, ही कसली कड? आमच्या घरी अशी कधी पाहिली नाही." हाग सबरींनी माझ्याकडे पाहिलं.

मी खरं सांगू शकलो असतो. चार शब्द: माझी बायको, आमची करंजी. पण दुकानाच्या काचेवर 'अस्सल इजिप्शियन' असं सोनेरी अक्षरांत लिहिलेलं होतं आणि काउंटरमागे मी होतो, पुण्याचा. तेव्हा मी म्हणालो, "हागच्या आईची पद्धत. तंताकडची."

तंता हे हाग सबरींचं गाव. ते मला भिंतीवरच्या कॅलेंडरमुळे ठाऊक होतं.

हाग सबरींची भुवई वर गेली. डॉक्टरांनी खाल्ला, डोळे मिटले आणि मला म्हणाले, "तेस्लम ईदक." म्हणजे तुझे हात सलामत राहोत. रांधणाऱ्याला द्यायचा हा त्यांचा आशीर्वाद. मी मान लववून तो घेतला. चौथ्या गिऱ्हाइकाला हाग सबरींनी स्वतःच सांगितलं, "माझ्या आईचा हात." आठवड्याच्या अखेरीस त्यांना लहानपणी आई ती मुरड घालताना डोळ्यांसमोर दिसू लागली. कुठल्या ओट्यावर बसून, तेसुद्धा.

पुढल्या वर्षी त्यांनी खोक्यांवर लावायला लेबल छापून घेतलं: 'सित्त नईमा यांच्या हातचे कतायेफ, तंता'. सित्त म्हणजे बाई. लेबलाचं प्रूफ मलाच वाचायला दिलं. अक्षराची एकही चूक नव्हती. चूक होती ती सबंध वाक्यात, आणि ती मी पास केली.

त्याच वर्षी ऋचा आली. पलीकडच्या मोठ्या विद्यापीठात पीएचडी करत होती. विषय: इथे आलेल्या इजिप्शियन लोकांचे उपवास सोडण्याचे पारंपरिक पदार्थ. मुलगी आपलीच, न्यू जर्सीत जन्मलेली, आईवडील मुंबईचे. टेपरेकॉर्डर माझ्यापुढे ठेवून, कतायेफच्या कडेवर बोट ठेवत म्हणाली, "काका, धिस एज इज अमेझिंग! मी कुठेच वाचलं नाहीये याबद्दल."

मी विचारलं, "कुठे पाहिलीसुद्धा नाहीस?"

"नो! नेव्हर."

"घरी आई दिवाळीला करंजी करते ना?"

"येस, साच्यात. प्लॅस्टिकचा असतो ना, क्लिक करून? व्हाय?"

आता सांगा, यात माझा दोष किती? हो, आहे. त्या क्षणी मुलीला हाताला धरून सांगायला हवं होतं. पण समोर टेप चालू होता, मागे हाग सबरी कान देऊन होते आणि मला, खरं सांगतो, मजा आली. तेहतीस वर्षं लेखकांची वाक्यं तपासली, स्वतःचं एक रचायची संधी कधी मिळाली नव्हती. मी सांगितलं की नाईलला पूर आला की तिकडच्या बायका दोर वळत, त्या दोराची ही खूण. नाईल आणि दोर यांचा संबंध मला त्याच क्षणी सुचला. ऋचानं ते उतरवून घेतलं. "काका, यू आर अ गोल्डमाईन!"

जिभेला मुरड घालणं म्हणतात, ते मला जमलं नाही. बोटांना जमलं तेवढंच.

त्याच आठवड्यात एक मराठी मावशी दुकानात शिरल्या. काचेवर लिहिलेलं 'फास्टिंग स्पेशल' वाचून आल्या होत्या. मी मराठी बोलतो म्हटल्यावर हायसं वाटून त्यांनी विचारलं, "हे उपवासाचं आहे ना? आज चतुर्थी."

"मावशी, हे उपवास सोडायचं आहे."

"मग चंद्र दिसल्यावर चालेल," त्या म्हणाल्या आणि दोन खोके घेतले. वर म्हणाल्या, "हेही चंद्र बघूनच करतात ना सगळं? मग झालं तर."

आणि त्यांच्याच मागे, रांगेत, कुमुद उभी होती. मुलानं तिला न्यायला-आणायला गाडी आणली होती आणि तिला वाटलं, पाहावं तरी आपली मुरड कशी दिसते दुकानात. तिनं एक खोका उचलला, चष्मा वर करून लेबल वाचलं, खोका खाली ठेवला. गाडीत बसल्यावर म्हणाली, "अहो, मी तंताची कधी झाले?"

मी हसलो. हसायला नको होतं.

त्या दिवाळीत तिनं भारतीय दुकानातून प्लॅस्टिकचा साचा आणवला. मी हात धुऊन समोर बसलो तर म्हणाली, "राहू द्या. हाताची मुरड आता तिकडची झाली. आपल्याला साचा बरा." टक्, टक्, टक् असा आवाज करत तिनं एका दुपारी सगळ्या करंज्या संपवल्या. तो आवाज मी अजून विसरलो नाही. करंज्या चांगल्या झाल्या होत्या, पण घरात कुणी एकीवर थांबून तिच्याकडे बघत बसलं नाही.

दुकानात मात्र मला रोज आशीर्वाद मिळत होते. तेस्लम ईदक, तेस्लम ईदक. हात सलामत राहोत. मी अंधश्रद्धाळू नाही, पण घरी जाऊन तिची वाकडी होत चाललेली बोटं पाहिली की वाटे, आशीर्वाद चुकीच्या पत्त्यावर पडताहेत.

२००५च्या रमजानात हाग सबरींनी सांगितलं, "अम्म मुकुंद, आई येते आहे."

"कुणाची?"

"माझी! सित्त नईमा!" त्यांनी कपाळावर हात मारला. "तीन महिन्यांसाठी. आणि तिला डोळे आहेत."

वय ब्याऐंशी. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होती. हाग सबरींनी लेबलं काढायचा विचार केला, पण गिऱ्हाइकं लेबल पाहूनच येत होती. मुरड बंद करावी, तर मागण्या आधीच घेतलेल्या. शेवटी ते म्हणाले, "ती आली की तुम्ही आत बसा. मी सांगेन की मशीननं होतं."

असं काही व्हायचं नव्हतं. सित्त नईमा आल्या त्या मागच्या दारानं, काळ्या झग्यात, हातात काठी, आणि सरळ माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. मी काम करत होतो. त्या काही बोलल्या नाहीत. सात-आठ कतायेफ होईपर्यंत नुसत्या पाहत होत्या. मला माझेच हात परके वाटू लागले. मग त्यांनी काठी भिंतीला टेकवली, ताटातला एक उचलला आणि मुरडीवरून अंगठ्याचं नख फिरवलं, एकेक वळण मोजल्यासारखं. काउंटरवर बायका माना उंचावून पाहत होत्या, खोक्यावरचं नाव प्रत्यक्ष चालत आलेलं. त्यात ते वयस्कर डॉक्टरही होते. हाग सबरींचा चेहरा उपवासानं उतरला होता की भीतीनं, सांगता येत नव्हतं.

डॉक्टरांनी विचारलं, ही कड तुमचीच ना? बाईंनी कतायेफ उंच धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ऐवा." म्हणजे हो. हे आमचंच.

दुकानात आनंदीआनंद. मुलाची लाज आईनं पदरात घेतली. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "तेस्लम ईदिक."

हाग सबरी हसले, सुटकेचं हसू. "ईदक, या मामा!" म्हणजे अगं आई. "पुरुष आहे तो. बाईला ईदिक म्हणतात." मग मला इंग्रजीत, "वय झालं, अम्म मुकुंद. एवढा प्रवास करून आली आहे."

सित्त नईमा मुलाकडे पाहून काहीतरी म्हणाल्या. त्याचं भाषांतर मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आल्या, हात धुतले, माझ्या शेजारी स्टुलावर बसल्या आणि टेबलावर बोटानं टकटक केलं. "अल्लिमनी." शिकव. मी दाखवलं. त्यांचा पहिला कतायेफ उलगडला, दुसरा फाटला. मी, न राहवून, त्यांच्या बोटावर चापट मारली. सित्त नईमांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग त्या अशा हसल्या की डोक्यावरचा रुमाल सरकला. त्यांनी हाताच्या खुणांनी विचारलं: तुला कुणी मारल्या अशा? मला अरबीतला एकच उपयोगी शब्द आठवला. "मिराती." माझी बायको. त्यांनी मान डोलवली, जणू हे त्यांना आधीच कळलं होतं आणि फक्त शिक्का मारायचा राहिला होता.

दहा दिवसांत त्या माझ्याहून बारीक मुरड घालू लागल्या. ऋचा टेपरेकॉर्डर घेऊन आली तेव्हा बाईंनी तिच्यासमोर अर्धं ताट भरून दाखवलं आणि आजीनं शिकवल्याचं सांगितलं. हाग सबरींनी भाषांतर केलं. "काका, इट्स कन्फर्म्ड!" ऋचा म्हणाली. माझा नाईल, माझा दोर, सगळं. सित्त नईमांनी तिच्या डोक्यावरून मला डोळा मारला. ब्याऐंशीव्या वर्षी, रमजानात.

मी घरी येऊन कुमुदला सांगितलं. वाटलं, चिडेल. ती हातातलं पुस्तक बाजूला ठेवून म्हणाली, "शिकली? स्वतः बसून?"

"हो."

"चापट्या खाऊन?"

"एक मारली. चुकून."

तिनं चष्मा काढला. "मग तिचीही झाली. शिकून घेतलं की आपलं होतं. न शिकता नाव लावलं ते तुमच्या मालकानं. आणि ज्यानं लावू दिलं, त्यानं."

ईद झाली. सित्त नईमांना तीन महिने काढण्याइतकं करमलं नाही. निघायच्या दिवशी दुपारी दुकानात निरोप होता. कुमुद म्हणाली, मी येते. तिनं सकाळी साचा कपाटात टाकला होता आणि तासभर एकटीनं ओट्याशी घालवला होता. मी मदतीला गेलो तर "लांब राहा" म्हणाली. एका स्टीलच्या डब्यात तिनं एकच कानवला आणला. मुरड जरा जाडसर, एका ठिकाणी वळण चुकलेलं. आपल्याकडे गौरी जायच्या दिवशी मुरडीचा कानवला करतात, जाणाऱ्यानं मुरडून पुन्हा यावं म्हणून. मी ते हाग सबरींना इंग्रजीत समजावलं, त्यांनी आईला अरबीत. मधल्या वाटेत काय गळलं, कोण जाणे.

सित्त नईमांनी डबा उघडला, कानवला पाहिला आणि तो बाजूला ठेवून कुमुदचे दोन्ही हात हातात घेतले. वाकडी बोटं एकेक करून सरळ केल्यासारखी चोळली. "तेस्लम ईदिक," त्या म्हणाल्या.

या वेळी कुणीच दुरुस्त केलं नाही.

मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. कुमुदच्या हातातल्या बांगड्या दोन बोटांनी मनगटावरून वर सारल्या, माझ्याकडे बोट दाखवलं आणि खो खो हसत मुलाला काहीतरी सांगू लागल्या. हाग सबरी ऐकत होते. त्यांचा चेहरा हळूहळू पडत गेला.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"ती म्हणते, अखेर दिसल्या या बांगड्या." त्यांनी घसा साफ केला. "ती म्हणते, पहिल्या दिवशी मी टेबलाशी उभी राहून पाहिलं, हा माणूस दर कतायेफच्या आधी हातातल्या बांगड्या मागे सारतो. हातात बांगड्या नाहीत! तेव्हाच मला कळलं, हात याचा नाही, कुणा बाईचा आहे. मी त्या बाईला ईदिक म्हटलं होतं. आणि माझा गाढव मुलगा मला व्याकरण शिकवत होता."

मी माझ्या मनगटांकडे पाहिलं. दोन वर्षं. रोज. आणि कुणाला दिसलं नव्हतं, मलासुद्धा.

बसनं परतताना कुमुद खिडकीबाहेर बघत होती. मध्येच वळून म्हणाली, "मी बांगड्या मागे सारते?"

"दर वेळी."

"मला माहीतच नव्हतं हो." आणि मग, अर्ध्या वाटेवर, "आणखी काय काय करते मी?"

सित्त नईमा पुढच्या रमजानात मुरडून आल्या, त्याच्या पुढच्याही. कुमुद त्याचं सगळं श्रेय कानवल्याला देते. २००८ साली हाग सबरी दुकान आवरून मुलीकडे गेले. लेबल शेवटपर्यंत बदललं नाही. मी बदला म्हणालोही नाही. तेवढं धैर्य मी आज दाखवतो आहे.

या लेखाचा कच्चा खर्डा मी आधी ऋचाला पाठवला. ती आता स्वतः प्राध्यापक आहे. तिचा फोन आला. "काका! यू आर माय फूटनोट सेव्हन्टीन! आणि ती करंजी होती? मी आयुष्यभर करंजी खाल्लीय!" बराच वेळ ओरडून झाल्यावर शांत झाली. मग म्हणाली, तंताजवळच्या एका गावातून मागे तिला कुणीतरी फोटो पाठवला होता. सित्त नईमांच्या नाती, पणत्या, शेजारणी, सगळ्या मुरड घालतात आता. "सो नाऊ इट इज देअर ट्रॅडिशन. मी काय करेक्ट करू, काका?"

प्रश्न मुद्रितशोधकाला विचारला होता. उत्तर आमच्या पद्धतीनंच देतो. मजकूर तसाच राहू द्यावा. नाईल आणि दोर तेवढा खोडावा, तो निव्वळ माझा. आणि शेवटी एक शुद्धिपत्र जोडावं.

'सित्त नईमा यांच्या हातचे' याऐवजी 'कुमुद यांच्या हातचे, सित्त नईमा यांनी शिकून घेतलेले' असे वाचावे.

२००३पासून मला उद्देशून जिथे जिथे 'ईदक' आले आहे, तिथे 'ईदिक' असे वाचावे. एक वेलांटी राहून गेली होती. चूक मुद्रितशोधकाची.

कुमुदनं हे आत्ताच वाचलं. म्हणाली, "कानवल्याचं एक वळण चुकलं होतं, ते कशाला लिहिलंत? तेवढं काढा."

काढत नाही. ते बरोबर आहे.